लुगडं वळखनारी म्हैस

आमच्या म्हशीला मानूस वळखू येत नव्हतं, लुगडं वळखू यायचं. लेकीच्या नोकरीवर बेतलं त्या पोळ्याच्या दिवशी ही गोष्ट मला परत आठवली. म्हनून आधी म्हशीचंच सांगते.

तीर्थपुरीच्या अलीकडं आमचं गाव. दावनीला एकच म्हैस, तापट. माझ्याबिगर कोनाला धार काढू द्यायची न्हाई. दुसरं कोनी बसलं की पान्हा चोरायची, मागचा पाय झाडायची. एका साली मला मुदतीचा ताप आला. अंथरुनातून मान वर करवंना. म्हैस तटतटून आलेली, हंबरून हंबरून गल्ली डोक्यावर घेतलेली. सासू बसली तर बादली लाथाडली. आमच्या मालकानं दावनीपाशी दोन चकरा मारल्या, अन् मंग दोरीवरचं माझं हिरवं लुगडं वढून अंगाला गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आन् बसला खाली. मिशा पदरात. म्हशीनं मान वळवून हुंगलं, आन् सोडला की पान्हा! बाया हसून हसून भुईला टेकल्या. शेजारची म्हातारी म्हन्ली, "काय गं, नवी सून आनली का? जरा मिशाळ हाये!" तर ह्यो पदराआडून म्हन्तो, "हसा, हसा. चहाला दूध मागाया याल तव्हा पाहातो."

पुढच्याच उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर लावाया गेल्ता. करंट बसला. घरी आनला तव्हा एक मूठ मिटलेली व्हती, ती कोनाला उघडली न्हाई. लेक तव्हा माझ्या कडंवर. आबाची ही म्हशीची गोष्ट तिनं पुढं माझ्याच तोंडून ऐकली.

आमच्यात गेलेल्या मानसाचे कपडे घरात ठेवत न्हाईत. तेराव्याच्या आत कोनाला तरी देऊन टाकायचे, न्हाईतर पान्यात सोडायचे. म्हन्त्यात, कपडे राह्यले की मानूस वासावर परत येतं. मी त्याचं समदं दिलं. धोतर, सदरा, पटका. ते हिरवं लुगडं तेवढं ठेवलं. ते तर माझंच व्हतं. पन त्यानं एकदा अंगावर घेतलेलं व्हतं.

मंग म्हैस गेली, जमीन दिरांनी आपसात लावून घेतली, आन् मी दुसऱ्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जाया लागले. क्रॉसिंग म्हन्जे सरकीचं बियानं करायचं काम. सांजच्याला मादीच्या कळीतलं नराचं केसर नखानं खुडायचं, वरून लाल कागद घालायचा. सकाळच्याला दुसऱ्या झाडाचं नराचं फूल आनून त्या कळीवर फिरवायचं. ज्याचं ठरलंय त्याचंच फिरवायचं. दुसरं कोनतं लागलं की बियानं बाटलं, समदी मेहनत मातीत. नखं काळी पडून फाटायची, भाकरीला मीठ लावलं तरी झोंबायचं. लेक बांधावर झोळीत. असं करत करत ती शाळंला गेली, मी जालन्याला आले, एमआयडीसीत बियान्याच्या कंपनीत चाळनीवर उभी राह्यले. धुरळ्यानं छाती भरली, गुडघे गेले, तव्हा त्याच कंपनीनं मला हापिसात झाडू दिला.

लेक पॉलिटेक्निक शिकली. आन् फिरून फिरून त्याच कंपनीत लागली, कंप्युटरच्या खोलीत. लोक म्हनायचे, "माय झाडू मारती, लेक मशीन चालवती." ती समद्यांपुढं मला मायच म्हनायची. मावशी कधी म्हन्ली न्हाई.

ती मशीनची खोली वरच्या मजल्यावर. लोखंडी दार, आतमधी हिवाळ्यावानी थंड. दाराला एक डबी, तिला गळ्यातलं कार्ड लावलं की दार उघडतंय. माझ्या कार्डानं उघडत न्हाई. कोनी आत असलं तरच मी झाडाया जाते.

आत काय हाये, ते लेकीनं मला एकदा भाकरी खाता खाता सांगितल्यालं.

"माय, एक मोठं कपाट आहे. सगळ्या कंपनीचं सामान त्यात. पण कप्पे खरे नाहीत. मी मनानं रेघा मारते, ही एक खोली, ही दुसरी. भिंत कुठंच नाही, तरी खोली आहे."

"भिंत न्हाई तर खोली कशाची?"

"मशीनला तसं वाटतं. बाकीची मशीनं वायरीनं त्या कपाटाला जोडलेली. प्रत्येकाला वाटतं, आपल्या पोटातच जागा आहे. कोणत्या मशीनला कोणती खोली दाखवायची, ते मी ठरवते. बाकीच्या खोल्या त्याला दिसतच नाहीत."

"आन् कुलूप?"

"कुलूप कशाला? दिसलीच नाही तर हात कसा लावील? दोन मशीनं एका खोलीत शिरली की संपलं. एक लिहिणार, दुसरं पुसणार. आणि एकमेकाला ते बघत नाहीत."

मी म्हन्लं, "कपाट मशीन कसं वळखतंय? तोंड पाहून?"

"मशीनच्या पाठीत एक कार्ड असतं, त्याचा नंबर पाहून." एवढं बोलून ती हात धुवाया उठली. मीबी इसरून गेले.

त्या कपाटात सगळ्यात मोलाचं काय, तर बियान्याची वंशावळ. कोनता नर कोनत्या मादीवर, कोनत्या गावच्या प्लॉटवर, उगवन किती झाली, पिढ्यान् पिढ्यांचं. ते गेलं तर गोदामातली पोती सारखीच, पांढरी सरकी. कोनती कोनाची, देवालाबी सांगता यायचं न्हाई. आन् ते सांभाळायचं काम माझ्या लेकीकडं. ती अजून कच्ची व्हती. तिचे साहेब म्हन्लेले, दिवाळीपर्यंत काम पाहू, बराबर वाटलं तर पक्की करू. पक्की झाली तर मी झाडू ठेवनार व्हते. हे आमच्या दोघीतलं ठरल्यालं. माझे गुडघे त्या दिवाळीची वाट पाहून राह्यले व्हते.

आखाडात वंशावळ सांभाळनारं जुनं मशीन मेलं. लेकीनं नवं उभं केलं, कपाटातल्या त्याच खोल्या नव्याला दाखवल्या, काम चालू झालं. मेलेलं मशीन कोपऱ्यात पडून. श्रावनात अजून एक मशीन आलं, गोदामातल्या कॅमेऱ्यांसाठी. पन त्याच्यासंगं पाठीतलं कार्डच आलं न्हाई. नवीन मागवायचं तर वाट पाहा. लेक म्हन्ली, "नवं कशाला? मेलेल्याचं काढून लावते की. चांगलं आहे." मला बरं वाटलं. फाटकं लुगडं फाडून तिची झबली शिवली, झबल्याची फडकी केली, फडक्याची वात केली. माझ्या हाताखालची पोर, ती चांगली वस्तू टाकंल कशी?

जोडायचं काम तिनं पोळ्याच्या दिवशी काढलं. सनाला कंपनी बंद, समदे गावाकडं बैल सजवाया गेलेले. मशीनवर कोनी काम करत नसतंय, काही वाकडं झालं तर नुकसान कमी, असं तिचं म्हननं. मी पुरनपोळ्यांचा डबा घेऊन तिच्यासंगं गेले. खोकी फोडल्यावर कचरा व्हतो, तोबी काढायचा व्हता.

मशीन जोडाया एक भाई आल्ते, जालन्याच्या जुन्या बाजारातले. पिकलेली दाढी, कानाला पेन्सिल. मला खाला, म्हन्जे मावशी, म्हनायचे.

"खाला, आज तो तुमारा सन. बैलां कां हैं?"

म्हन्लं, "आमचे बैल दिरांनी नेले. आता हे मशीनच बैल."

"फिर इसकूच झूल डालो!" म्हनून हसले. हात मातर चालूच. मेलेल्या मशीनच्या पाठीतून ते कार्ड काढलं, फुंकर मारली, नव्याच्या पाठीत बसवलं, वायर लावली.

लेक म्हन्ली, "भाई, तुम्ही चालू करून ठेवा. मी गोदामात कॅमेऱ्याची वायर पाहून येते. मग याची खोली दाखवते." आन् गेली. गोदाम आंगनाच्या पल्याड.

मी थर्माकोल गोळा करून राह्यले व्हते. भाईंनी मशीन चालू केलं, पडदा उजळला. जरा येळानं म्हन्ले, "खाला, मॅडमकू बोलो, दो जागा दिख रईं. दोनों कोरी. मैं तयार करके रखता." त्या खोलीत फोन लागत न्हाई, लोखंडी दार असल्यानं. म्हनून मी निघाले.

पायऱ्या एक एक करून उतरले. घाई कशाची? जागा दिसली, चांगलंच झालं की. गेटवरच्या वाचमननं हाक मारली, "मावशी, पोळी एकटीच खाता का?" म्हन्लं, "तुला बी देते, थांब." आंगन वलांडून गोदामात गेले. लेक स्टुलावर चढून वर काहीतरी पाहून राह्यली व्हती.

"अगं, ते भाई म्हन्त्यात, जागा दिसली. दोन हायेत. दोन्ही कोऱ्या."

ती वरूनच म्हन्ली, "कसल्या दोन?"

"खोल्या. तयार करून ठेवतो म्हन्ले."

ती वळली. तिचं तोंड मी असं कधी पाह्यलं नव्हतं. "माय, मी त्याला अजून एकही खोली दाखवलेली नाही."

आन् उडी मारली. स्टूल आडवं झालं. ती आंगनातून पळाली, मी मागून. वाचमन म्हन्तो, "काय झालं? इंचू का?" पायऱ्या कशा चढले, गुडघ्यालाच म्हाईत.

वर पोचले तव्हा लेकीच्या हातात नारंगी वायर, मशीनच्या पाठीतून उपसलेली. भाई हात आवरून उभे.

"भाई, एक झाली का?"

"एक हो गई मॅडम. दुसरी बाकी थी. कोरी लिखा था. मशीनच पूछा, तयार करूं क्या, मैं हौ बोला."

लेकीनं दुसऱ्या पडद्यावर काहीतरी उघडाया घेतलं, वंशावळीच्या मशीनवर. एकदा दाबलं, दोनदा दाबलं. तिथं नुसतं लाल आलं. मला अक्षरं कळली न्हाईत, लाल कळलं.

मी इच्यारलं, "त्या खोलीत काय व्हतं?"

"नर-मादी," ती म्हन्ली. "सगळं नर-मादी."

क्रॉसिंगच्या बाया डोळ्यापुढं आल्या, वळीनं वाकलेल्या. जिल्ह्यातल्या किती बायांची नखं त्या खोलीत गेल्ती.

लेक मशीनच्या मागं गेली. ते कार्ड बोटानं चाचपलं, अन् तिथंच फरशीवर बसली. मंग म्हन्ली, "माय, आबांची म्हैस."

"काय?"

"कपाटाला मशीन दिसत नाही. कार्ड दिसतं. मी मेलेल्या मशीनचं कार्ड याच्या पाठीत घातलं. आणि कपाटात त्या मेलेल्याचं नाव तसंच ठेवलं होतं. असू दे, लागलं तर लागलं. कपाटानं हुंगलं, त्याला वाटलं आपलीच. दोन्ही खोल्या दाखवून दिल्या. हे मशीन दुसऱ्या जातीचं, त्याला आतलं लिहिलेलं वाचताच येईना. त्याला वाटलं, कोरंच आहे. आणि खोली तयार करणं म्हणजे आतलं सगळं पुसणं."

म्हन्जे दुसऱ्यानंच लुगडं गुंडाळलं, आन् म्हशीनं पान्हा सोडला. पन त्या वक्ती घरचाच मानूस खाली बसला व्हता, बादली घेऊन. ह्या वक्ती दूध भुईवर गेलं.

आम्ही समदे खोलीबाहेर आलो, तिनं साहेबाला फोन लावला. साहेब त्यांच्या गावाकडं, मागं हलगी वाजून राह्यलेली. फोनचा आवाज मोठा केल्याला, आम्हा तिघांना ऐकू येत व्हतं. तिनं झालं ते समदं सांगितलं. साहेब म्हन्ले, "बटन कोणी दाबलं?"

"सर, बटन भाईंनी दाबलं, पण..."

"पण काही नाही. बाहेरचा माणूस आहे, त्यानं न विचारता दाबलं. तसंच लिहून दे. तू कच्ची आहेस, कळतंय ना? उद्या माझ्यावर येईल ते."

भाई भिंतीकडं पाहून राह्यले. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, खिशात ठेवली, परत काढली. मंग हळू म्हन्ले, "मॅडम, बटन तो मैंच दबाया. झूठ तो नई है."

लेकीनं माझ्याकडं पाह्यलं. मला काय कळतंय त्यातलं? पन ती पाहून राह्यली म्हनून म्हन्लं, "दूध सांडलंय. आधी किती उरलं ते पाहा. कोनाच्या लाथंनं सांडलं ते मागून."

"सर, मी नंतर बोलते," म्हनून तिनं फोन ठेवला.

रोजची एक नक्कल घेतली जायची, रातच्याला, दुसऱ्या इमारतीतल्या पेटीत. हे मला म्हाईत नव्हतं, तिनं तव्हा सांगितलं. मी म्हन्लं, "मंग भ्यायचं कामून? नक्कल हाये की."

"आहे माय. पण ती आजपर्यंत कोणी परत आणून पाहिली नाही. मी एकदा थोडीशी आणली होती, तर साहेब म्हणाले, रिकामी कामं करू नको."

तव्हा मला भ्याव वाटलं. बियान्याच्या कंपनीत समदी जिंदगी गेली माझी. पोतं भरलं म्हन्जे बियानं झालं न्हाई. मूठभर काढून ओल्या कागदात ठेवायचं, कोंब येतोय का पाहायचं. कोंबाबिगर समदं दान्याचं ढोंग.

तिनं पयलं काम काय केलं? कपाटातून त्या मेलेल्या मशीनचं नाव पुसलं. मंग नवी खोली आखली, ती फक्त वंशावळीच्या मशीनला दाखवली, दुसऱ्या कोनालाच न्हाई. भाईंनी आपलं मशीन भिंतीकडं सरकवलं, त्याच्या पाठीतलं कार्डबी काढून टेबलावर ठेवलं. मंग दोघं त्या पडद्यापुढं बसले. पडद्यावर एक पट्टी, इवलीशी हिरवी, गोगलगाईवानी पुढं सरकून राह्यलेली.

दुपार कलली. खालून सडकेवरून बैलांच्या घुंगराचा आवाज याया लागला. कोनाची तरी जोडी मारुतीकडं चाललेली. मी खिडकीतून पाह्यलं न्हाई. डबा तसाच. भाईंनी नमाजाचा वकत झाला म्हनून जरा आडोशाला जाऊन नमाज पढून घेतली, परत येऊन बसले. एकदा ती पट्टी थांबली. भाई म्हन्ले, "सब्र करो मॅडम, जरा दम ले रई." आन् खरंच, परत हलली. भाईंनी कपाळ पुसलं. त्या थंड खोलीत त्यांना घाम आल्ता.

मी फरशीवर बसून व्हते. मनात एकच. दिवाळी गेली. दिवाळी गेली तर गेली, पन ही पोर घरी बसंल, मंग दिरांकडं हात पसरायचा का? न्हाई पसरला कधी. अजून वाकता येतंय. क्रॉसिंगला आताबी घेत्यात म्हाताऱ्या बायांना, रोज कमी देत्यात एवढंच. असा मी इच्यार करून ठेवला. इच्यार करून ठेवला की बरं असतंय, पडलं तरी लागत न्हाई.

पट्टी भरली. लेक काही दाबंना. नुसती बोटं त्या पाटीवर ठेवून बसली.

"दाब की," मी म्हन्लं.

"माय, तू ज्या गावच्या प्लॉटवर क्रॉसिंग केलं, त्याची ओळ उघडते."

तिनं उघडली. मला येवढं वाचता येत न्हाई, पन माझ्या गावचं नाव मला कुठंबी वळखू येतंय, एसटीच्या पाटीवरून शिकल्याली मी. गावाचं नाव आलं. त्याच्यापुढं नराचा नंबर, मादीचा नंबर, उगवन. लेकीनं दुसरी वळ उघडली, तिसरी उघडली, मधलीच एक उघडली, सगळ्यात शेवटची उघडली. समदं जागच्या जागी.

"उगवलं," मी म्हन्लं.

भाईंनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. लेक तोंड झाकून रडली, आवाज न करता. मी रडू दिलं. मंग बाहेर जिन्यात येऊन डबा उघडला. पोळ्या गार झाल्या व्हत्या, दूध न्हाई, तशाच कोरड्या खाल्ल्या. भाई म्हन्ले, "खाला, इत्ती मिठी पोळी मैंने कब्बी नई खाई." म्हन्लं, "भीती वाटल्यावर समदंच गोड लागतंय, भाई."

तेवढ्यात साहेबाचा फोन. लेकीनं सांगितलं, आलं सर परत, समदं आलं. सन असला तरी सकाळी एक पोरगी येऊन थोडी उगवन भरून गेल्ती, तेवढं परत भरावं लागंल. साहेब मोकळे होऊन हसले. "मग संपला विषय. झालंच नाही असं समज. मोठ्या मालकांच्या कानावर जायची गरज नाही."

फोन ठेवल्यावर मला वाटलं, चला, सुटलो. कोनाचंच नाव न्हाई, भाईंचं बी न्हाई. दिवाळी परत जागेवर आली. मी झाडू उचलला.

लेक तशीच बसून. म्हन्ली, "माय, अजून किती मेलेल्यांची नावं असतील त्या कपाटात? माझ्याआधी दोघं होते या कामाला. त्यांनीही ठेवलीच असतील. मला सगळी उपसावी लागतील. त्याला मशीनं बंद ठेवावी लागतात. कशाला बंद, ते विचारणारच की मोठे मालक."

"मंग नंतर इच्यारू दे. दिवाळी होऊ दे."

"आणि तोवर कोणी अजून एखादं कार्ड घालून आलं तर?"

मी क्रॉसिंगवाली बाई. एक कळी उघडी राह्यली म्हाईत असून, वर लाल कागद न घालता कशी घरी जाईन? तरी मी म्हन्लं, "माझे गुडघे बी इच्यारात घे." हे म्हन्लं मी. ती म्हन्ली, "घेतले माय." आन् मोठ्या मालकाला फोन लावला.

तिनं काही लपवलं न्हाई. कार्ड मी लावायला सांगितलं, नाव पुसायचं माझ्याकडून राह्यलं, भाईंनी मशीननं इच्यारलं तेवढं दाबलं. साहेबाचं नाव तिनं काढलं न्हाई. तिकडून एवढंच, "उद्या सकाळी या."

दुसऱ्या दिवशी ती गेली, मी जिन्यात झाडत व्हते. मालकाच्या केबिनीतून बाहेर आली, मशीनच्या खोलीपाशी गेली, दाराच्या डबीला कार्ड लावलं. डबीवर तांबडा दिवा. परत लावलं. तांबडाच. दार तिला वळखंना. चौकशी होईस्तोवर तिनं एकटीनं आत जायचं न्हाई, असं ठरल्यालं. साहेब येऊन दार उघडायचे, तोंड फुगवून, अन् ती काम करस्तोवर पाठीशी उभे. कुठं गेलेले असले तर ती बाहेर बसून राहायची. मी झाडू घेऊन तिथंच. आता आम्ही दोघीबी दाराच्या बाहेरच्या.

पहिल्या दिवशी तिथं बसून मला म्हन्ली, "माय, रागावलीस का?"

"रागावून कोनाचं पोट भरलंय?"

"सांग की खरं."

म्हन्लं, "तुझ्या आबानं गल्लीपुढं लुगडं घातलं, तव्हा मला लाज वाटल्ती. तापात व्हते, तरी वाटल्ती. पन सांजच्याला चहा झाला." ती हसली. पोळ्यापासून पयल्यांदाच हसली.

तसंच साहेबापुढं बसून तिनं कपाटातली नावं उपसली. अजून मेलेली निघाली, तिच्याबी आधीची. एकाचं कार्ड तर भंगारात निघाल्यालं, नाव मातर आत जित्तंच. साहेबाचं तोंड त्या दिवशी जरा उतरलं. त्याच्यानंतर कधीतरी डबीवरचा दिवा तिला हिरवा झाला. कोनी सांगितलं न्हाई, एका सकाळी झाला. दिवाळीला ती पक्की झाली न्हाई. मी झाडू धरून राह्यले, अजून एक पावसाळा. मंग झाली.

आता मशीन मेलं की ती पयलं त्याचं नाव काढती, मंगच त्याच्या अंगावरचं सामान सोडवती. भाई आले की इच्यारत्यात, "मॅडम, इसका दसवां हुआ क्या?" ती म्हन्ती, "झाला भाई, आता घ्या कपडे."

मी झाडू ठेवला त्या दिवशी ट्रंक आवरून राह्यले व्हते. तळाला ते हिरवं लुगडं निघालं, काठ इरल्यालं. लेकीनं हातात घेतलं, नाकाला लावलं. म्हन्ली, "माय, हे पण काढायचं का?"

मी तिच्या हातातून घेतलं, घडी घातली, परत तळाशी ठेवलं.

"राहू दे," मी म्हन्लं. "ह्याला हुंगून फसनारी म्हैस न्हाई राह्यली आता."